कॉम्बिनेशन पाने घेताना: पैसे कशासाठी मोजावेत

पान्याची खरी परीक्षा जाम झालेल्या नटावर होते आणि ती पैसे मोजून झाल्यानंतरच होते. त्यामुळे दुकानाच्या काउंटरपाशी उभे असतानाच त्या परीक्षेचा अंदाज कसा घ्यावा, कोणत्या गोष्टीसाठी चार पैसे जास्त द्यावेत आणि कोणत्या गोष्टीसाठी अजिबात देऊ नयेत, एवढ्यापुरताच हा लेख आहे. एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला उघडे तोंड आणि दोन्हीकडे एकच माप असा जो कॉम्बिनेशन पाना, त्याचाच येथे विचार केला आहे. घरासाठी, शेतासाठी किंवा नव्या नोकरीसाठी ज्याला एकाच प्रकारचे पाने घ्यायचे आहेत, त्याने हेच घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. घट्ट नट रिंगने सोडवायचा आणि सैल झाल्यावर उघड्या तोंडाने भराभर फिरवून काढायचा, ही दोन्ही कामे हातातला पाना फक्त उलटा करून होतात.

नाशिककरांना या खरेदीत एक सोय आहे, ती आधी सांगतो. हातहत्यारांच्या बाबतीत आपले शहर नुसते गिऱ्हाईक नाही. टपारिया टूल्सचा कारखाना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्र्यंबक रोडला आहे, आणि जालंधर, लुधियाना या पंजाबातल्या केंद्रांतून येणारा मालही इथल्या दुकानांत मुबलक असतो. सातपूर आणि अंबड वसाहतींना टूल्स पुरवणाऱ्या दुकानांत रोज कारखान्यांचे फिटर आणि स्टोअरकीपर येत असल्याने तेथे पाना हातात घेऊन, मोजून, दुसऱ्या कंपनीच्या पान्याशेजारी ठेवून पाहण्यास कोणी हरकत घेत नाही. ऑनलाइन खरेदीत नेमकी हीच गोष्ट हातची जाते, म्हणून पहिली खरेदी तरी दुकानात जाऊन करावी.

आधी मापांची यादी करावी

पाने घेण्यापूर्वी आपल्याला कोणत्या यंत्रावर काम करायचे आहे ते ठरवावे, कारण त्यावर मापे ठरतात आणि मापांवर खर्च ठरतो. जपानी पद्धतीच्या दुचाकी आणि मोटारींवर ८, १०, १२, १४ आणि १७ मिमी ही मापे सर्वाधिक लागतात. त्या पद्धतीत एम-८, म्हणजे ८ मिमी जाडीच्या आट्यांच्या, बोल्टचे डोके (समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये मोजलेले) १२ मिमीचे आणि एम-१० बोल्टचे १४ मिमीचे असते. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांवर आणि कारखान्यातल्या बहुतेक जोडकामात मात्र एम-६ ला १०, एम-८ ला १३, एम-१० ला १६ किंवा १७, एम-१२ ला १८ किंवा १९ आणि एम-१६ ला २४ चा पाना लागतो. यातला ‘किंवा’ नवशिक्यांना बुचकळ्यात पाडतो. जुन्या जर्मन डीआयएन मानकात एम-१० चे डोके १७ चे आणि एम-१२ चे १९ चे होते, नंतरच्या आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकात ती अनुक्रमे १६ आणि १८ झाली, आणि बाजारात आजही दोन्ही प्रकारचे बोल्ट विकले जातात. त्यामुळे ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, पाण्याचा पंप अशा मिश्र यंत्रांवर काम करणाऱ्याने १६, १७, १८ आणि १९ ही चारही मापे घेणे गैर नाही, आणि दुचाकीपुरते काम करणाऱ्याला १६ आणि १८ न घेताही चालते.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. इंचाच्या मापातले नट असलेले जुने ट्रॅक्टर अजून शेतात आहेत, आणि जुन्या बुलेटवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे नट सापडतात. अर्ध्या इंचाचे डोके म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो, फिरतोही, आणि पहिल्या घट्ट नटावर कोपरे खाऊन टाकतो. पाऊण इंच आणि १९ मिमी यांत मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाचाच फरक आहे, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. पाच सोळांश इंच आणि ८ मिमी यांचेही तसेच. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी इंचाचे दोन-तीन पाने स्वतंत्र घ्यावेत. मिमीच्या पान्याने भागवून नेण्याच्या सवयीने जुन्या यंत्रांचे न मिळणारे बोल्ट खराब झालेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

सर्वांत महत्त्वाचे: पान्याचे माप किती नेमके आहे

पान्यातली जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि जिच्यासाठी खरोखर पैसे द्यावे लागतात, ती म्हणजे तोंडाच्या मापाचा नेमकेपणा. हे थोडे आकड्यांनी समजून घेणे आवश्यक आहे. एम-८ बोल्टचे डोके आपण १३ मिमीचे म्हणतो, पण आयएसओ मानकानुसार ते १२.७३ पासून १३.०० मिमीपर्यंत कुठेही असू शकते. उलट पान्याचे तोंड १३.०० पेक्षा थोडे मोठेच ठेवावे लागते, नाही तर पूर्ण मापाच्या डोक्यावर तो बसणारच नाही. हे ‘थोडे’ किती असावे ते आयएसओ ६९१ हे मानक ठरवते, आणि चांगल्या पान्यात ते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांतच राहते.

आता एक लहान हिशेब पाहावा. लहानात लहान, म्हणजे १२.७३ च्या डोक्यावर १३.१ मिमीचे तोंड असलेला पाना लावला तर नटाला पकडण्याआधी तो साधारण तीन अंश रिकामा फिरतो. तेच तोंड १३.३ चे असेल तर साधारण पावणेपाच अंश फिरतो. हा पावणेदोन अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पाना जितका जास्त तिरपा होऊन पकडतो तितका हाताचा सगळा जोर पैलूच्या सपाटीवरून सरकून कोपऱ्याच्या टोकावर येतो, आणि कोपरा दबून नट गोल होतो. उघड्या तोंडात जोर फक्त दोन कोपऱ्यांवर पडत असल्याने तेथे हा दोष सर्वांत आधी दिसतो. स्वस्त पान्याविरुद्धची माझी मुख्य तक्रार हीच आहे: तो स्वतः फारसा खराब होत नाही, समोरच्या यंत्राचा बोल्ट खराब करतो, आणि इंजिनच्या डोक्यात गोल झालेला एक बोल्ट काढून घेण्याची मजुरी ही चांगल्या आणि साध्या पान्याच्या किमतींतल्या फरकापेक्षा कितीतरी जास्त असते.

दुकानात हे तपासायला फार साधने लागत नाहीत. एम-६, एम-८ आणि एम-१० चे चांगल्या कंपनीचे, डोक्यावर ८.८ असा मजबुतीच्या प्रतीचा ठसा असलेले नवे बोल्ट खिशात घेऊन जावेत. नाशिकमध्ये कोणाच्या ना कोणाच्या घरी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे अंश मोजणारे साधन, असतोच. त्याने बोल्टांची डोकी आधी मोजून ठेवावीत. मग १३ चा पाना घेऊन बोल्टचे डोके उघड्या तोंडात पूर्ण आतपर्यंत सरकवावे, बोल्ट चिमटीत घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने पान्याचा दांडा हळूच डावी-उजवीकडे हलवावा. दांड्याच्या टोकाला जी चाल जाणवते ती पाहावी. एका पान्याची चाल पाहून काही कळत नाही; काउंटरवर तीन कंपन्यांचे १३ चे पाने मागून तिन्हींवर तोच बोल्ट लावला की फरक बोटांना स्पष्ट कळतो. चांगल्या पान्यात बोल्ट किंचित अडत, सलग सरकत आत जातो आणि दांडा थोडाच हलतो. कमअस्सल पान्यात तो आत पडतो. उलटही घडते: मुलाम्याचा थर जाड झाल्याने किंवा आतल्या कडेला बुर (धातूची कुसळे) राहिल्याने पूर्ण मापाचे डोके आत जातच नाही, आणि विक्रेता ‘वापरून सैल होईल’ असे सांगतो. असा पाना घेऊ नये.

व्हर्नियर सोबत असेल तर तोंडाच्या दोन्ही जबड्यांमधले अंतर टोकाशी आणि आत मुळाशी अशा दोन ठिकाणी मोजावे. दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. टोकाशी अंतर जास्त निघाले तर जबडे समांतर नाहीत, आणि असा पाना जोर लागताच नटावरून बाहेर सटकतो. हाताची सालटी निघतात ती बहुतेक अशाच पान्यांमुळे.

पोलाद आणि त्याला दिलेले पाणी

चांगले पाने बहुधा क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे असतात. जर्मन कंपन्या त्यासाठी ३१-सीआरव्ही-३ यासारखी जात वापरतात. स्वस्त पाने साध्या कार्बन पोलादाचे असतात. पण पोलादाच्या नावावर फार विसंबू नये, कारण पान्याचे बळ पोलादाइतकेच त्याला दिलेल्या पाण्यात असते. तापवलेला पाना तेलात थंड करून पुन्हा ठरावीक तापमानाला तापवतात, आणि त्यानंतर त्याचा कठीणपणा साधारणपणे ४० ते ४८ रॉकवेल-सी (कठीणपणा मोजण्याचे माप) या पट्ट्यात यावा लागतो. त्याहून मऊ राहिला तर तोंड फाकते, त्याहून कडक झाला तर जबड्याचा तुकडा उडतो, आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाण्याचा धोका असतो. साध्या कार्बन पोलादाचा पण नीट पाणी दिलेला पाना हा ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा मोठा ठसा असलेल्या पण अर्धवट पाणी दिलेल्या पान्यापेक्षा निःसंशय बरा. ठसा कोणीही मारू शकतो.

मग गिऱ्हाइकाने हे ओळखावे कसे? काउंटरवर कठीणपणा मोजता येत नाही, म्हणून येथे आडून तपासावे लागते. पहिली खूण म्हणजे घडाईची. पाना फोर्जिंगचा, म्हणजे तापवलेल्या पोलादावर साच्यात घण पाडून घडवलेला असावा. साच्याचे दोन भाग जुळतात त्या जागी दांड्याच्या कडेने एक बारीक रेघ राहते. महाग पान्यांत ती घासून काढलेली असते, मध्यम किमतीच्या पान्यांत बोटाला जाणवते. ही रेघ हा दोष मानू नये. दांड्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे, खडबडीतपणा किंवा कडांना ओतीव मालासारखा गोलसरपणा दिसला तर मात्र तो पाना ठेवून द्यावा. दुसरी खूण म्हणजे मानकाचा उल्लेख. भारतीय मानकांत उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ आहे; कॉम्बिनेशन पान्यांवर किंवा त्यांच्या तक्त्यात जर्मन डीआयएन ३११३ चा उल्लेखही अनेकदा आढळतो. जी कंपनी आपल्या तक्त्यात मानक, पोलादाची जात आणि कठीणपणाचा पट्टा हे तिन्ही छापते, तिने निदान जबाबदारी लेखी घेतलेली असते. फक्त ‘हाय क्वालिटी’ छापणाऱ्या कंपनीने कशाचीच घेतलेली नसते.

सातपूरच्या आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना कानस लावून कठीणपणा अजमावण्याची सवय असते. कानस पान्यापेक्षा बरीच कडक असल्याने चांगल्या पान्यावरही ती थोडी चालते, एवढे लक्षात ठेवून दोन पान्यांची तुलना करण्यापुरताच तिचा उपयोग करावा, आणि तोही स्वतःच्या मालकीच्या पान्यावर.

रिंग, तोंड आणि दांडा

रिंग उजेडाकडे धरून आरपार पाहावी. आत १२ कोपरे असतात. ते सगळे सारखे, धारदार आणि तळापर्यंत स्वच्छ कापलेले दिसले पाहिजेत. रिंगची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची आहे का तेही याच वेळी पाहावे, कारण भोक जरासे जरी एका बाजूला सरकलेले असले तरी पातळ बाजू जोर लागल्यावर ताणते. भिंत पातळ असणे हा स्वतःहून दोष नाही. उत्तम पोलाद वापरणाऱ्या कंपन्या मुद्दाम भिंत पातळ ठेवतात, म्हणजे इंजिनच्या अडचणीच्या जागी शेजारच्या भागाला न अडता रिंग नटावर बसते. हलक्या पोलादाच्या पान्याची रिंग मात्र जाडच करावी लागते, आणि मग ती दुचाकीच्या कार्ब्युरेटरमागे शिरत नाही. त्यामुळे ‘जाड म्हणजे मजबूत’ हा समज सोडून द्यावा. जड पाना हा चांगल्या पान्याचा पुरावा नव्हे.

बारा कोपऱ्यांमुळे रिंग ३० अंशांवर पुन्हा लावता येते, आणि उघडे तोंड दांड्याशी १५ अंश कलते ठेवलेले असल्याने पाना पालथा-उताणा करत तेही ३० अंशांच्या जागेत काम करते. हा १५ अंशांचा कल प्रत्येक पान्यात असतो असे समजू नये. सरळ तोंडाचा पाना दिसला तर अडचणीच्या जागी त्याचा उपयोग निम्मा होतो. रिंगचे डोकेही दांड्याच्या पातळीपासून थोडे वर उचललेले असावे, म्हणजे नट फिरवताना बोटे खालच्या पत्र्यावर घासत नाहीत.

चांगल्या पान्यांच्या रिंगमध्ये आणखी एक गोष्ट मिळते आणि तिच्यासाठी जास्त पैसे देणे मला योग्य वाटते. आतल्या कोपऱ्यांजवळ किंचित गोलाई देऊन भार नटाच्या कोपऱ्यावर न येता पैलूवर यावा अशी रचना केलेली असते. अशी रिंग जवळून पाहिली तर आतल्या प्रत्येक दातापाशी सरळ कडेऐवजी छोटी वक्र कड दिसते. थोड्या गंजलेल्या किंवा आधीच कोणी खराब केलेल्या नटावर हा फरक ताबडतोब कळतो. ज्यांना रोज गाड्या उघडायच्या आहेत त्यांनी १०, १२, १३ आणि १४ ही मापे तरी याच प्रकारची घ्यावीत.

दांड्याच्या लांबीचा विचार मापागणिक वेगळा करावा. एम-८ चा ८.८ प्रतीचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर (पिळण्याचा जोर मोजण्याचे एकक) एवढ्या जोराने आवळतात. हात बोल्टपासून १६ सेंटिमीटरवर धरला तर त्यासाठी सुमारे १६ किलोचा जोर लागतो, जो कोणालाही सहज लावता येतो. एम-१२ ला साधारण ८५ न्यूटन-मीटर लागतात. २२ सेंटिमीटरवर धरून तो जोर चाळीस किलोच्या आसपास जातो, आणि गंजलेला बोल्ट सोडवताना त्याहून जास्त. म्हणून १७ आणि त्यापुढच्या मापांत लांब दांड्याचा पाना घेतला तर ते पैसे कारणी लागतात. १० च्या पान्याचे उलट आहे. एम-६ बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरेसे असतात, आणि लांब दांड्याने तो बोल्ट कळायच्या आत पिरगळून तुटतो. लहान मापांत आखूड दांडा हेच बोल्टचे संरक्षण असते.

दांडा हातात घेऊन जोराने मूठ आवळावी. कडा तळव्याला टोचत असतील तर पंधरा मिनिटांच्या कामानंतर त्या सहन होणार नाहीत. एवढे पुरे.

मुलामा: दिसण्यासाठी की टिकण्यासाठी

आरशासारखी चकाकी असलेला पाना आणि मॅट फिनिशचा पाना यांत कामाच्या दृष्टीने फरक नाही. तेलकट हातात मॅट फिनिश कमी निसटते, म्हणून मी स्वतः तेच घेतो. पाहायचे ते मुलाम्याची पकड. निकेल-क्रोमचा मुलामा नीट बसला नसेल तर काही महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते पात्यासारखे बोटात घुसतात. रिंगच्या आत, जबड्यांच्या मुळाशी आणि ठशातल्या अक्षरांच्या कडांना फोड, पिवळसर डाग किंवा सुटलेली किनार दिसते का ते नीट पाहावे. काळ्या, फॉस्फेट केलेल्या पान्यांना कमी समजू नये. ते कोरड्या जागी चांगले टिकतात आणि त्याच पैशांत अनेकदा बरे पोलाद देतात. ओल्या जागी मात्र त्यांना तेलाचा हात लावत राहावा लागतो.

द्राक्षबागायतदारांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचे ब्लोअर जवळजवळ रोज चालतात, आणि पाने त्याच ब्लोअरच्या पेटीत पडून असतात. बोर्डो मिश्रणासाठी आणलेल्या मोरचुदाचे पाणी उघड्या लोखंडाला लागले की त्या जागी तांब्याचा लालसर थर चढतो आणि त्याखाली लोखंड खाल्ले जाते. मुलामा जेथे उडालेला असतो तेथूनच हे सुरू होते, म्हणजे नेमके जबड्याच्या आतल्या कामाच्या पृष्ठभागावरून. तेव्हा बागेत वापरायचे पाने घेताना मुलाम्याचा दर्जा नीट पाहावा, ते औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवावेत, आणि फवारणीनंतर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, जुन्या इंजिन ऑइलचा बोळा फिरवूनच आत टाकावेत.

सेट घ्यावा की सुटे पाने

माझा सल्ला असा: आपल्या यादीतली रोजची पाच-सहा मापे चांगल्या कंपनीची सुटी घ्यावीत आणि क्वचित लागणारी मापे मध्यम प्रतीची घ्यावीत. सुटा पाना सेटमधल्यापेक्षा थोडा महाग पडतो हे खरे, पण सेटमध्ये ७, ९, ११, १५ अशी मापेही येतात आणि त्यांतली काही वर्षानुवर्षे पिशवीतून बाहेर निघत नाहीत. सेटच घ्यायचा असेल तर नगांच्या संख्येकडे न पाहता आपली मापे त्यात आहेत का ते वाचावे. १२ नगांच्या दोन सेटांत वेगवेगळी मापे असू शकतात, आणि १३ किंवा १६ नसलेला सेट ट्रॅक्टरवाल्याच्या कामाचा नाही. त्याच कंपनीचा सुटा पाना शहरात मिळतो का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. १० आणि १३ चे पाने हरवतातच. ज्या कंपनीचा एक पाना परत आणता येत नाही तिच्या सेटची किंमत कितीही कमी असली तरी तो स्वस्त म्हणता येणार नाही.

प्लॅस्टिकच्या पेटीत पाने, गोट्या (सॉकेट), स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि हातोडी असे सगळे मिळून कितीतरी नग देणारे जे संच असतात, ते घेऊ नयेत. त्यांत किमतीचा मोठा भाग पेटी आणि संख्या यांतच जातो. रॅचेटचे, म्हणजे एका दिशेने पकडणारे आणि उलट दिशेने मोकळे फिरणारे, कॉम्बिनेशन पाने मात्र सोयीचे असतात. ७२ दातांचा रॅचेट पाना ५ अंशांच्या जागेतही नट फिरवतो. परंतु त्यांची रिंग जाड असते आणि आतली यंत्रणा झिजते, म्हणून ते साध्या पान्यांना पर्याय म्हणून न घेता १०, १२, १३ अशा एक-दोन मापांत जोड म्हणून घ्यावेत, आणि जाम नट आधी साध्या रिंगने फोडून मगच त्यांचा वापर करावा.

नामवंत कंपन्यांच्या नावाची नक्कल बाजारात असते, हे विसरू नये. अक्षरांत एखाद्या वळणाचा फरक, घडाईतच उठलेल्या ठशाऐवजी वरून उमटवलेले पुसट नाव, पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष किंवा कमाल किरकोळ किंमत नसणे, ही नकलेची लक्षणे आहेत. पक्के बिल घ्यावे. हातपान्यांचा एचएसएन क्रमांक (जीएसटी बिलावरचा मालाचा सांकेतिक क्रमांक) ८२०४ आहे आणि बिलावर कंपनीचे नाव व माप लिहून घ्यावे, कारण हमीचा प्रश्न आला तर तोच कागद कामी येतो. ‘आजीवन हमी’ असे छापलेले असेल तर ती फक्त घडाईच्या दोषापुरती आहे का, आणि तुटलेला पाना कुठे नेऊन द्यायचा, हे आधीच विचारावे.

जुने पाने

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात किंवा भंगाराच्या दुकानात जुन्या नामवंत कंपनीचा पाना दिसला तर तो जरूर हातात घेऊन पाहावा. वरचा गंज हा फारसा दोष नाही; रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून तारेच्या ब्रशने घासल्यावर तो निघतो. जबडे फाकले आहेत का, रिंगचे कोपरे झिजून गोल झाले आहेत का, आणि दांडा वाकलेला आहे का, एवढेच पाहावे. दांडा काचेवर ठेवला की वाक लगेच दिसतो. दांड्यावर निळसर-जांभळी छटा असेल तर तो पाना कोणी गॅसने तापवलेला आहे आणि त्याचे पाणी उतरले आहे, असे समजून तो सोडून द्यावा. तोंड ग्राइंडरवर घासून मोठे केलेले असेल तरीही तेच करावे.

घेतलेला पाना टिकवण्यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. घट्ट नट नेहमी रिंगनेच सोडवावा, उघडे तोंड फक्त सैल झालेल्या नटासाठी वापरावे. आणि दांड्यात पाइप घालून लांबी वाढवू नये किंवा दांड्यावर हातोडी मारू नये. हातोडी मारूनच नट सोडवायचा असेल तर त्यासाठी जाड डोक्याचा स्लगिंग पाना वेगळा मिळतो. नट हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल टाकून वाट पाहावी, आणि तरीही न हलल्यास लांब दांड्याचा पाना किंवा गोटी पाना आणि टॉमी (तो फिरवण्याचा आडवा दांडा) लावावा. वर्षातून एकदा खिशातला तोच नवा एम-८ चा बोल्ट १३ च्या पान्यात घालून पाहावा. चाल वाढलेली असेल तर तो पाना पंपाच्या पत्र्याच्या झाकणासारख्या हलक्या कामांसाठी बाजूला ठेवावा आणि इंजिनासाठी त्याच मापाचा नवा सुटा पाना आणावा.